बर्फाचा कारखाना, कोल्ड स्टोरेज आणि गॅस मीटर: कोकण किनारपट्टीवरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोलीकडे पौषात पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो. तेवढ्या थंडीचा गॅस मीटरवर, म्हणजे हवेतला घातक वायू मोजणाऱ्या यंत्रावर, काहीही परिणाम होत नाही. मीटरला छळते ती मिरकरवाडा, हर्णै, वेंगुर्ले, तळोजा इथल्या कारखान्यांच्या आतली थंडी. मासळी साठवायच्या खोलीत उणे १८ ते उणे २० अंश, मासळी झटपट गोठवणाऱ्या ब्लास्ट फ्रीझर आणि प्लेट फ्रीझरमध्ये उणे ३५ ते उणे ४०, बर्फ कारखान्याच्या मिठाच्या पाण्याच्या टाकीत उणे ८ ते उणे १०. आणि दार उघडलं की समोर ३२ अंशांची दमट हवा. ही थंडी तयार करायला बहुतेक ठिकाणी अमोनिया वापरतात आणि मुख्यतः त्याच्याच गळतीसाठी मीटर लागतो. दिवसातून वीस वेळा हा उंबरठा ओलांडणाऱ्या मीटरची काळजी कशी घ्यायची, त्याचा आकडा कधी खरा मानायचा आणि कधी नाही, हे खाली दिलं आहे. हातात किंवा छातीवर असतो त्याला मीटर म्हटलं आहे, भिंतीवर कायम बसवलेल्याला डिटेक्टर.

आमच्याकडे चार गॅसचा मीटर आहे. अमोनियासाठी वेगळा घ्यावाच लागेल का?

हो, घ्यावाच लागेल. ही चूक आम्हाला सर्वांत जास्त दिसते आणि तीच सर्वांत धोक्याची आहे. चार गॅसचा नेहमीचा मीटर ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि ज्वलनशील वायू मोजतो. "अमोनिया जळतो, म्हणजे ज्वलनशीलच्या सेन्सरला कळेल" असं अनेक जण सांगतात. आता हिशोब पाहा. अमोनिया हवेत साधारण १५ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. १५ टक्के म्हणजे १,५०,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग). माणसाच्या जिवाला धोका मानतात तो आकडा ३०० पीपीएम. त्या ३०० पीपीएमला ज्वलनशील वायूचा सेन्सर फार तर ०.२ टक्के एलईएल (पेट घ्यायला लागणाऱ्या किमान प्रमाणाचे ०.२ टक्के) मोजेल, म्हणजे पडद्यावर शून्यच. माणूस डोळे चोळत बाहेर पळत असेल आणि मीटर गप्प असेल.

अमोनियाचा स्वतंत्र इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर घ्या, ० ते १०० किंवा ० ते ३०० पीपीएम टप्प्याचा. कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या परिशिष्टात अमोनियाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला २५ पीपीएम आणि थोड्या वेळासाठी ३५ पीपीएम दिलेली होती. मीटरचे दोन अलार्म याच दोन आकड्यांवर लावलेले बरे.

मीटर आत नेला की आकडा दहा-पंधरा मिनिटं वेडावाकडा का येतो?

इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरमध्ये द्रव किंवा जेल असतं आणि गॅस त्यातून आत झिरपून वीज निर्माण करतो. थंडीत झिरपणं मंदावतं, रासायनिक क्रियाही मंदावते. तेवढ्याच गॅसला वीज कमी निघते. मीटर बनवणाऱ्यांना हे माहीत असतं, म्हणून आत तापमान मोजणारा एक छोटा घटक बसवलेला असतो आणि मीटर त्यावरून आकडा दुरुस्त करून दाखवतो.

अडचण अशी की सेन्सरचं तोंड उघडं असतं, ते आधी गार होतं. तापमानाचा घटक मीटरच्या पोटात असतो, त्याला थंडी उशिरा पोहोचते. मधल्या वेळात मीटर ३२ अंशांची दुरुस्ती उणे १८ च्या सेन्सरला लावत असतो. शिवाय हवेतला ओलावा एकदम नाहीसा झाला की अमोनियाचा सेन्सर क्षणभर उसळतो किंवा उणे जातो. म्हणून आत गेल्या गेल्या दिसलेला ३-४ पीपीएमचा आकडा किंवा उणे २ हा बहुधा गॅस नसतो. पण तो आकडा खाली येण्याऐवजी वाढत राहिला, किंवा कॉइलजवळ (खोली गार करणाऱ्या नळ्यांजवळ) वाढला आणि दाराजवळ कमी झाला, तर तो गॅसच समजा.

दुसरी गोष्ट वेळेची. साध्या तापमानाला ६० सेकंदांत खऱ्या आकड्याच्या ९० टक्क्यांपर्यंत पोहोचणारा सेन्सर उणे २० ला दोन-तीन मिनिटं घेतो असंच धरून चाला. व्हॉल्व्हपाशी मीटर दहा सेकंद धरायचा, "काही नाही" म्हणायचं आणि पुढं जायचं, ही पद्धत कोल्ड रूममध्ये निरुपयोगी आहे. एका जागी निदान तीन मिनिटं थांबा.

पुस्तिकेत "उणे २० ते ५० अंश" लिहिलंय. मग ब्लास्ट फ्रीझरमध्ये?

उणे ४० ला चालणारे सेन्सर वेगळे मिळतात, ते मागून घ्यावे लागतात. नेहमीचा मीटर ब्लास्ट फ्रीझरमध्ये पाच-सात मिनिटं नेला तर तो लगेच मरत नाही, कारण त्याच्या अंगात बाहेरची ऊब असते. पण त्यानंतर त्याच्या आकड्याची हमी नाही. पडद्यावरचे अंकही मंद होतात, मागचा अंक पुसला जायच्या आधी पुढचा उमटतो आणि ३ चा ८ वाचला जातो. फ्रीझरचा पंखा बंद करून, दार उघडं ठेवून, तापमान थोडं चढू देऊन मगच दुरुस्तीला आत जाणं हा साधा उपाय आहे आणि माणसालाही तोच मानवतो.

पुस्तिकेत दोन तापमानं असतात हे लक्षात घ्या: एक सतत वापराचं, दुसरं थोड्या वेळाचं. विकणारा बहुतेक वेळा दुसरं सांगतो.

झिरो कुठं मारायचा? आत आकडा उणे येतो म्हणून आम्ही आतच मारतो.

कोल्ड रूममध्ये झिरो कधीही मारू नका. मशिन रूममध्येही नाही.

झिरो मारणं म्हणजे मीटरला "आत्ता जी हवा आहे ती स्वच्छ आहे" असं सांगणं. बर्फ कारखान्याच्या कंप्रेसरजवळ ग्लँडमधून (फिरत्या दांड्याभोवतीच्या सीलमधून) थोडा अमोनिया नेहमीच येत असतो. समजा तिथे ८ पीपीएम आहे आणि तुम्ही झिरो मारलात. आता खऱ्या २५ ला मीटर १७ दाखवणार, आणि २५ चा अलार्म वाजेल तेव्हा हवेत ३३ असेल. दिवसभर त्या मीटरवर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ही चूक येते.

कोल्ड रूममध्ये कारण वेगळं. तिथं सेन्सर आणि तापमानाचा घटक अजून एकमेकांशी जुळलेले नसतात. तो तात्पुरता उणे आकडा तुम्ही झिरोत गोठवलात की बाहेर आल्यावर तोच मीटर काहीही नसताना ५-६ पीपीएम दाखवेल. मग कोणीतरी बाहेर पुन्हा झिरो मारेल. असं चार दिवस चाललं की त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

झिरोची जागा: इमारतीच्या बाहेर, वारा येतो त्या बाजूला, जेटीवरच्या डिझेलच्या धुरापासून आणि मासळीच्या कचऱ्यापासून लांब, सावलीत. मीटर चालू करून १० मिनिटं ठेवा, मग झिरो. तिथंही आकडा ३ पीपीएमपेक्षा जास्त असेल तर झिरो मारू नका, आधी कारण शोधा.

फ्रीझरमध्ये ऑक्सिजन २१.६ दिसतो. ऑक्सिजन वाढला का?

नाही. बाहेरच्या हवेत पाण्याची वाफ असते, ती ऑक्सिजनची जागा घेते. ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना हवेत जवळपास ३.८ टक्के वाफ असते, त्यामुळं खरा ऑक्सिजन २०.९ नसून २०.१-२०.२ असतो. तुम्ही बाहेर झिरो घेतला तेव्हा मीटरनं त्यालाच २०.९ मानलं. फ्रीझरची हवा कोरडी, तिथं खरोखर २०.९ आहे, म्हणून मीटर २१.६-२१.७ दाखवतो. घाबरायचं कारण नाही. पण त्यात एक अर्थ दडलेला आहे: आत मीटर खऱ्यापेक्षा सात-आठ दशांश जास्त दाखवतोय. १९.५ चा अलार्म वाजेल तेव्हा खरा ऑक्सिजन १८.८ च्या आसपास उतरलेला असेल. पावसाळ्यात हे हमखास घडतं. ज्यांच्याकडे नायट्रोजन किंवा सुका बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) वापरला जातो त्यांनी अलार्म २० ला लावावा, असं आमचं मत आहे.

बाहेर आणल्यावर मीटरला घाम सुटतो. काय करायचं?

३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत २६ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी जमतं. मीटर उणे १८ वरून येतो. आधी त्यावर पांढरं दव चढतं, मग ते वितळून सेन्सरच्या तोंडावरच्या बारीक जाळीत शिरतं. ओल्या जाळीतून गॅस आत जात नाही. त्यातून अमोनिया तर पाण्यात इतका झटकन विरघळतो की जाळीवरचं पाणीच तो पिऊन टाकतं. मीटर चालू, पडदा ठीक, आकडा शून्य आणि सेन्सर बंद. अशा वेळी मीटरमध्ये कुठलाही बिघाड दिसत नाही.

उत्तम उपाय म्हणजे आतल्या कामाचा मीटर वेगळा ठेवणे आणि तो अँटेरूममध्येच (कोल्ड रूमच्या दाराआधीच्या गार खोलीत), १० ते १५ अंशांत, टांगून ठेवणे. दोन मीटर परवडत नसतील तर चेन असलेली जाड प्लास्टिकची पिशवी वापरा. काम संपल्यावर, अँटेरूमच्या गार कोरड्या हवेत असतानाच मीटर पिशवीत घालून बंद करा आणि मग बाहेर आणा. दव पिशवीवर जमेल, मीटरवर नाही. ४० ते ४५ मिनिटांनी पिशवी हाताला गार लागेनाशी झाली की उघडा. बाहेर आणून मग पिशवीत घातलात तर दमट हवाही सोबत बंद होते आणि उपयोग शून्य. एक अट आहे: पिशवीतला मीटर कोणाचंही रक्षण करत नाही, तेव्हा तुमच्या बाहेर येण्याच्या वाटेवर दुसऱ्या कुणाकडे चालू मीटर हवा.

ओला झालाच तर मऊ सुती कापडानं टिपा, तोंड खाली करून सावलीत पंख्याखाली ठेवा आणि पुन्हा वापरण्याआधी बंप टेस्ट करा (ठरावीक प्रमाणाचा गॅस देऊन मीटर तपासणं, खाली दिलं आहे). हेअर ड्रायर नको, कंप्रेसरची हवा तर अजिबात नको, तिच्यात तेल असतं.

मोबाइल तांदळात ठेवतात तसा मीटर तांदळात ठेवला तर?

नको. तांदळाची पूड जाळीत बसते. सिलिका जेलच्या बंद डब्यात महिनोन्महिने ठेवणंही चुकीचं आहे, कारण सेन्सरच्या आतलं द्रव वाळतं. ४० ते ६० टक्के आर्द्रतेचं कपाट पुरे.

बंप टेस्ट रोज करायलाच हवी का? कशी करायची?

रोज, पहिल्या पाळीच्या आधी. शिवाय मीटर पडला, भिजला, किंवा त्याला मोठी गळती लागली तर त्यानंतर लगेच. कोकणात जाळीवर मीठ बसतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. बंप टेस्टशिवाय सेन्सर जिवंत आहे हे कळायचा दुसरा मार्ग नाही.

लागणाऱ्या वस्तू: नायट्रोजनमध्ये मिसळलेल्या ५० पीपीएम अमोनियाचा छोटा सिलिंडर, मिनिटाला अर्धा लिटर प्रवाह देणारा स्टेनलेस स्टीलचा रेग्युलेटर, टेफ्लॉनची नळी आणि मीटरबरोबर आलेली टोपी. रेग्युलेटर पितळेचा नको. अमोनिया पितळ खातो आणि वाटेतच अडकतो, सेन्सरपर्यंत कमी पोहोचतो. सिलिकॉनची किंवा साधी पीव्हीसी नळी अमोनिया शोषून घेते, म्हणून टेफ्लॉन, आणि तीही अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको. सिलिंडरवरची मुदत बघा. अमोनियाचा सिलिंडर साधारण वर्षभरच भरवशाचा असतो.

मीटर आणि सिलिंडर दोन्ही एकाच साध्या तापमानाच्या खोलीत अर्धा तास राहू द्या. टोपी लावण्याआधी गॅस मिनिटभर नळीतून वाहू द्या, खिडकीजवळ. मग टोपी लावा आणि घड्याळ बघा. अलार्म वाजला पाहिजे आणि ६० ते ९० सेकंदांत आकडा ४० ते ६० च्या मध्ये आला पाहिजे. ४० च्या खाली राहिला किंवा चढायला दोन मिनिटं लागली तर कॅलिब्रेशन करा, म्हणजे सिलिंडरच्या गॅसशी मीटरचा आकडा जुळवून घ्या. कॅलिब्रेशनलाही दाद देत नसेल तर सेन्सर बदला. टोपी काढल्यावर आकडा शून्यावर यायला किती वेळ लागला तेही वहीत लिहा. दर महिन्याला हा वेळ वाढत असेल तर सेन्सर म्हातारा होतोय.

अमोनियात भिजवलेला कापूस मीटरसमोर धरून "वाजतोय, चालू आहे" म्हणण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. कापसाजवळ हजारो पीपीएम असतात. त्यानं मीटर वाजतो एवढंच कळतं, ३० पीपीएमला वाजेल की नाही ते कळत नाही. आणि अमोनियाचे बरेच सेन्सर गॅस लागेल तसे झिजतात, दोन वर्षं टिकणारा सेन्सर अशा रोजच्या माऱ्यानं काही महिन्यांत संपतो.

थंडी लागू नये म्हणून मीटर जॅकेटच्या आत ठेवला तर चालेल?

मग तो जॅकेटच्या आतली हवा मोजेल. मीटर बाहेरच हवा, छातीवर, नाकापासून वीतभर-दीड वीत अंतरावर, तोंड समोर करून. मफलर किंवा लोकरीची कॉलर त्याच्यावर येत नाही ना ते बघा. जाड जॅकेटमधून मीटरची थरथर जाणवत नाही आणि कॉइलच्या पंख्यांपुढं आवाज विरतो, तेव्हा लाल दिवा जोडीदाराला दिसेल अशा बाजूला असावा. आत एकट्यानं जायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

बॅटरी अर्ध्या पाळीतच बसते.

लिथियम आयन बॅटरी उणे २० ला मॉडेलप्रमाणे तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत क्षमता गमावते. ऊब मिळाली की ती परत येते. ज्वलनशील वायूचा तापणारा सेन्सर आणि हवा खेचणारा पंप हे दोघं सर्वांत जास्त वीज खातात, पंप गरजेपुरताच चालवा.

चार्जिंगचा नियम मात्र पाठ करून ठेवा: शून्य अंशाखाली गार असलेली लिथियम बॅटरी चार्जवर लावायची नाही. आतल्या पट्टीवर लिथियम धातूचा थर चढतो, बॅटरी कायमची खराब होते आणि पुढं आतून शॉर्ट होऊ शकते. कोल्ड रूममधून आणलेला मीटर तासभर बाहेर राहिल्यावरच चार्जरवर ठेवा. खाऱ्या हवेनं चार्जिंगच्या पिना हिरव्या पडतात, आठवड्यातून एकदा कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. गंज सोडवायचा स्प्रे मीटरच्या आसपासही मारू नका, त्याची वाफ सेन्सरला बाधते. सिलिकॉन असलेला कुठलाही स्प्रे ज्वलनशील वायूच्या सेन्सरला कायमचा मारतो.

भिंतीवरचे डिटेक्टर कुठं बसवायचे?

अमोनिया हवेपेक्षा हलका, जवळपास सहा दशांश. म्हणून मशिन रूममध्ये एक छताजवळ, बाहेर हवा फेकणाऱ्या पंख्याकडे जाणाऱ्या वाटेवर. पण गळती द्रवाची असेल तर गार अमोनिया धुक्यासारखा जमिनीलगत सरपटतो. म्हणून दुसरा माणसाच्या श्वासाच्या उंचीवर, रिसीव्हर (द्रव अमोनियाची टाकी) आणि तेल काढायच्या व्हॉल्व्हच्या बाजूला. बर्फ कारखान्यात गळतीचे बरेच प्रसंग तेल काढतानाच येतात, तेव्हा ही जागा चुकवू नका. कोल्ड रूममध्ये कॉइलच्या जवळ, पण पंख्याच्या थेट झोतात नको.

आता एक अशी गोष्ट जी बसवणारेही विसरतात. डिटेक्टरची वायर ज्या पाइपातून आत येते तो पाइप बाहेरच्या ३२ अंशांच्या हवेतून उणे २० मध्ये शिरतो. दमट हवा त्या पाइपातून आत ओढली जाते, डब्यात तिचं पाणी होतं, पाण्याचा बर्फ, आणि एके दिवशी डिटेक्टर "फॉल्ट" दाखवतो. डबा उघडला तर आतल्या जोडांवर बोटभर बर्फ. भिंत ओलांडते तिथं पाइप सीलिंग कंपाउंडनं पूर्ण बंद करा, वायर डब्यात शिरते तो ग्लँड खालच्या बाजूला घ्या आणि वायरला डब्याआधी खाली लोंबणारा एक झोल द्या. शक्य असेल तर इलेक्ट्रॉनिक्सचा डबा बाहेर आणि फक्त सेन्सर आत ठेवा.

आतल्या डिटेक्टरचं कॅलिब्रेशन तो बसवलाय तिथं, त्याच थंडीत करायचं, काढून बाहेर आणून नाही. गॅस पाच मिनिटं तरी द्यावा लागतो. पुस्तिका सहा महिन्यांनी म्हणते, किनाऱ्यालगत तीन महिन्यांनी करा.

काहीही गळत नसताना अलार्म वाजतो.

वेळ लिहून ठेवा, कारण बहुतेक तिथंच सापडतं. डीफ्रॉस्टच्या वेळी (कॉइलवरचा बर्फ वितळवताना) वाजत असेल तर कॉइलची ऊब आणि ओलावा एकदम सुटल्यानं सेन्सर उसळतोय. डिटेक्टर दोन-तीन मीटर सरकवा. डीफ्रॉस्टच्या वेळी अलार्म बंद करून ठेवू नका, कारण गरम गॅस कॉइलमध्ये सोडताना होणारे दाबाचे धक्के हीच खऱ्या गळतीचीही वेळ असते.

सुकट किंवा शिळ्या मासळीजवळ वाजत असेल तर मासळी कुजताना सुटणारे अमाइन हे अमोनियाचे चुलतभाऊ, सेन्सरला फरक कळत नाही. चार गॅसच्या मीटरवर कार्बन मोनॉक्साइड दिसत असेल तर फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या चार्ज होतात तिथला हायड्रोजन किंवा हात धुण्याच्या जागेचा अल्कोहोलचा सॅनिटायझर शोधा. फरशी हायपोनं (सोडियम हायपोक्लोराइटनं) धुताना सेन्सर झाकायचा मोह होतो. झाकलाच तर झाकणाला लाल फीत बांधा आणि काढण्याची जबाबदारी नाव घालून एका माणसाला द्या. आणि अमोनिया सांडलेल्या जागी हायपो कधीच टाकू नका, त्यातून विषारी क्लोरामाइन तयार होतं.

गंधकाची काडी आणि नाक असताना मीटर कशाला?

गंधकाची जळती काडी जोडाजवळ नेली की अमोनिया पांढरा धूर दाखवतो. नेमका कुठला जोड गळतोय हे शोधायला ती आजही छान आहे, ओला लिटमस कागदही. पण हवेत २० आहे की २०० हे ती सांगत नाही, आणि गळती मोठी असेल तर पेटती काडी आत न्यायचीच नाही. गंधकाचा धूर मीटरच्या सेन्सरला बाधतो, तेव्हा दोन्ही एकत्र वापरू नका.

नाकाला अमोनिया पाच-दहा पीपीएमलाही कळतो हे खरं. पण बारा वर्षं कंप्रेसरवर काढलेल्या ऑपरेटरचं नाक त्याला सरावलेलं असतं. नवीन मुलगा खोकायला लागतो तेव्हा जुना म्हणतो, "काय नाय रे." दोघांपैकी नव्याचं ऐका आणि मीटर बघा.

सुका बर्फ वापरतो. त्याला कुठला मीटर?

कार्बन डायऑक्साइडचा, इन्फ्रारेड सेन्सरवाला. एक किलो सुका बर्फ उडाला की साडेपाचशे लिटर गॅस होतो. दहा घनमीटरच्या बंद खोलीत किंवा टेम्पोत तो साडेपाच टक्के झाला. पाच टक्क्यांना माणूस धापा टाकतो, पण ऑक्सिजन तेव्हाही १९.८ च्या आसपास असतो आणि १९.५ चा अलार्म वाजतच नाही. फक्त ऑक्सिजन मीटरवर विसंबणं इथं जिवावर बेततं. इन्फ्रारेड सेन्सरच्या काचेवर दव बसलं तर आकडा भरकटतो, ती पुसून सुकू द्या. गॅस जड आहे, गुडघ्याच्या उंचीवर मोजा.

बोटीच्या खणात उतरताना?

बर्फ वितळलेलं पाणी, मासळीचं रक्त आणि राहिलेली मासळी बंद खणात कुजली की हायड्रोजन सल्फाइड साठतो आणि ऑक्सिजन संपतो. १०० पीपीएमच्या आसपास त्याचा सडक्या अंड्यांचा वास नाकाला येईनासा होतो, म्हणजे वास गेला म्हणून गॅस गेला असं नाही. झाकण उघडून पंप आणि नळीनं वर, मध्ये आणि तळाशी मोजा. नळीच्या दर मीटरला तीन सेकंद आणि त्यावर सेन्सरचे एक-दोन मिनिट. नळीचं टोक तळाच्या पाण्यात बुडवू नका. ऑक्सिजन १९.५ च्या वर आणि हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या खाली असल्याशिवाय कोणीही उतरायचं नाही, तांडेलानं (बोटीच्या प्रमुखानं) सांगितलं तरी नाही. आत कोणी पडला तर त्याच्यामागे उडी मारणारा दुसरा बळी ठरतो. वर थांबलेल्यानं दोर ओढायचा, म्हणून दोर उतरण्याआधीच कमरेला बांधलेला हवा.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मीटर कपाटात ठेवला तर चालतो ना?

ऑगस्टमध्ये सर्वांत जास्त बिघडलेले मीटर निघतात ते यामुळेच. दोन महिने पावसाळी दमट हवेत पडून सेन्सर पाणी पितो, फुगतो, कधी गळतो. बॅटरी पूर्ण रिकामी होऊन पडली तर पुन्हा उठत नाही. बॅटरी निम्मी चार्ज करून ठेवा, महिन्यातून एकदा चालू करून अर्धा दिवस राहू द्या. काही सेन्सरना सतत थोडी वीज लागते, त्यांना बंदीतही चार्जरवर ठेवावं लागतं, पुस्तिका बघा. नारळी पौर्णिमेच्या आठवडाभर आधी बाहेर काढा, २४ तास चालू ठेवा, झिरो, कॅलिब्रेशन, मग बंप टेस्ट. सेन्सर मागवायचा झाला तर तो यायला वेळ लागतो आणि कंप्रेसर कुणासाठी थांबत नाही. बंदीच्या काळातही यंत्रणेत अमोनिया भरलेलाच असतो, तेव्हा भिंतीवरच्या डिटेक्टरचा वीजपुरवठा काढू नका.

समोर पांढरं धुकं आहे आणि मीटर शून्य दाखवतोय. कोणावर विश्वास ठेवायचा?

धुक्यावर. दार उघडल्यावर येणारं पाण्याचं धुकं रोजचंच आहे, पण ते डोळ्यांना झोंबत नाही. द्रव अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो, त्याचा फवारा लागला तर सेन्सर जागच्या जागी गोठतो. काही मीटर टप्प्याबाहेर गेल्यावर आकडा दाखवणंच सोडून देतात. झोंबतंय म्हणजे बाहेर.

बाहेर पडताना वाऱ्याला आडवं जा आणि मग वाऱ्याच्या वरच्या अंगाला वळा. किनाऱ्यावर दिशा बदलते: दुपारी खारे वारे समुद्राकडून, रात्री मतलई वारे जमिनीकडून. दिवसा जमायची जागा रात्री गॅसच्या वाटेत येते. म्हणून दोन जागा ठरवा आणि गच्चीवर वाऱ्याची कापडी नळी लावा. डोळ्यांत गेला असेल तर साध्या पाण्यानं सलग १५ मिनिटं धुवायचं, मग दवाखाना. जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी ओतू नका, तो उसळून उकळतो. हवेतल्या वाफेवर पाण्याचा बारीक फवारा मात्र उपयोगी पडतो. हिरव्या पट्ट्याचा अमोनियाचा फिल्टर मास्क बाहेर पडण्यापुरता, परत आत जायचं तर हवेचा सिलिंडर पाठीवर हवा.

सेन्सर किती वर्षं चालतो? जुना कुठं टाकायचा?

अमोनिया आणि ऑक्सिजनचा साधारण दोन ते तीन वर्षं, किनाऱ्यावर दोनच धरा. मीटरच्या मागं सेन्सर बसवल्याची तारीख मार्करनं लिहून त्यावर पारदर्शक टेप लावा. बऱ्याच जुन्या सेन्सरमध्ये आम्ल असतं, काहींत शिसंही. तो समुद्रात किंवा कचऱ्यात न टाकता विक्रेत्याला परत द्या किंवा ई-कचऱ्यात जमा करा, आणि आतलं द्रव गळलेलं दिसलं तर हातमोज्याशिवाय धरू नका.